निळ्या-पांढऱ्या चिनी मातीत 'चिनी' किती?

लोणच्याची बरणी चिनी मातीची, कपबशी चिनी मातीची आणि संग्रहालयातली निळ्या नक्षीची सुरईही चिनी मातीचीच. मराठीने तीन वेगळ्या वस्तू एका नावात कोंबल्या आहेत. बरणी म्हणजे दगडासारखे टणक भाजलेले जाड मातीचे भांडे. कपबशी बहुतेकदा 'बोन चायना'ची. मातीत हाडांची राख घालण्याची ही कृती १८व्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये बसली, म्हणजे नावापुरतीच चायना. खरे पोर्सेलिन ते सुरईचे. चीनच्या जियांग्शी प्रांतातल्या जिंगदेझेनमध्ये केओलिन ही पांढरी माती आणि कुटलेला दगड एकत्र मळून सुमारे १३०० अंश सेल्सिअसला भाजतात. भांडे पातळ होते, तरी टिचकी मारली की खणखणते. युरोपने त्याला कवडीच्या इटालियन नावावरून पोर्सेलिन म्हटले. फारसीत मात्र तेही 'चिनी'च.

गंमत अशी की त्यावरचा निळा रंग चीनचा नव्हता. ९व्या शतकात चीनच्याच हेनान प्रांतात तुरळक प्रयोग झाले होते, पण खरा बहर १४व्या शतकातला आणि तो इराणकडून येणाऱ्या कोबाल्ट या निळा रंग देणाऱ्या खनिजावर. कच्च्या भांड्यावर कोबाल्ट काळपट दिसतो, माती तो लगेच शोषते, खोडायची सोय नाही. वर पारदर्शक झिलई देऊन भाजल्यावरच निळा उमटतो. एवढ्या आचेत टिकणारे रंगच मोजके. तांब्याचा लाल भट्टीत कधी उडून जाई, कोबाल्ट तेवढा भरवशाचा.

गिऱ्हाईकही बाहेरचे. चाळीस सेंटिमीटरहून रुंद ताटे पश्चिम आशियातल्या एका ताटात जेवणाऱ्या पंगतींसाठी होती. चिनी माणूस आपला लहान वाडग्यात जेवणारा. दिल्लीच्या तुघलकी महालाच्या आवारातही अशी फुटकी भांडी सापडली आहेत. चिनी रसिकांसाठी १३८८ मध्ये लिहिलेल्या एका ग्रंथाने तर हा प्रकार चक्क गावंढळ ठरवला. पुढच्या शतकात दरबारानेच तो उचलून धरला, हा त्या रसिकांवर काळाने उगवलेला सूड म्हणायचा.

युरोपात ही भांडी पोर्तुगीजांनी आणली, पण बाजार तापवला डचांनी, तोही लुटीच्या मालावर. १६०३ मध्ये सिंगापूरजवळ पकडलेल्या पोर्तुगीज जहाजातली भांडी पुढच्या वर्षी ॲमस्टरडॅममध्ये लिलावात निघाली. ही जप्ती न्याय्य होती, असे सांगायला डचांना वकील लावावा लागला, यातच काय ते आले. १६४४ मध्ये चीनमधली मिंग सत्ता कोसळली, माल आटला. मग हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या कुंभारांनी साध्या मातीवर कथलाची पांढरी झिलई चढवून निळी नक्षी काढली आणि हौस भागवली.

पुढची मजल इंग्रजांची. तिथल्या कारखान्यांनी विलोचे झाड, पूल आणि दोन पक्षी असलेले चित्र छापले, त्याला प्रेमिकांची 'प्राचीन चिनी' कथाही जोडली. कथा घरचीच, विक्रीसाठी रचलेली. हे चित्र इतके खपले की पुढे चिनी कारागीरही निर्यातीच्या ताटांवर तेच रंगवू लागले.