समोर नको, शेजारी बसा

आजोबा हात पसरून पुढे होतात आणि चार वर्षांची नात आईच्या मागे दडते. 'अगं, ये ना, आजोबा आहेत!' असं म्हणत सगळे तिच्याकडेच बघायला लागतात. ती आणखी आत सरकते. आजोबांचा चेहरा उतरतो.

यात आजोबांचं काही चुकलेलं नसतं आणि नातीचंही. हार्वर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांसमोर झुलती खेळणी हलवून पाहिली, अनोळखी आवाज ऐकवले. साधारण पाचांतलं एक बाळ हातपाय झाडून रडू लागलं. पुढे चालू-बोलू लागल्यावर नव्या माणसांपुढे बुजण्याची शक्यता याच बाळांमध्ये जास्त दिसली. दुसऱ्या वर्षी बुजरी असलेली काही मुलं मोठी झाल्यावर त्यांच्या मेंदूची एमआरआय तपासणी झाली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अनोळखी चेहरे पाहताना त्यांचा अमिग्डाला, म्हणजे धोक्याची चाहूल घेणारा मेंदूचा भाग, इतरांपेक्षा जास्त सक्रिय झालेला आढळला. थोडक्यात, बुजरेपणा हा हट्ट नाही. तो आयुष्यभर तसाच राहतो असंही नाही. त्या रडणाऱ्या बाळांपैकी अनेक जण पुढे तितकेसे बुजरे राहिले नाहीत. मुलाला पुढे ढकललं तर बिनसतंच, पण प्रत्येक नव्या गोष्टीपासून जपत राहिलं तरी भीती टिकून राहते.

मग करायचं काय? इथे मुलांच्या खेळाच्या अभ्यासक मिल्ड्रेड पार्टन यांची १९३२ सालची निरीक्षणं कामी येतात. लहान मुलांच्या खेळाचे त्यांनी प्रकार पाडले. त्यात नुसतं बघत राहणं हा एक प्रकार, आणि एकमेकांशेजारी बसून आपापलं खेळणं हा दुसरा. म्हणजे कोपऱ्यातून टक लावून बघणारी नात खेळाच्या बाहेर नसते, ती उंबरठ्यावर असते.

म्हणून आजोबांनी तिच्यासमोर न बसता थोडं बाजूला, जमिनीवर बसावं. गुडघे कुरकुरत असतील तर बुटकं स्टूल चालेल. ठोकळ्यांचा डबा उघडावा आणि खरोखरच खेळायला लागावं. 'शाळेत काय शिकवलं?' वगैरे अजिबात नको. बुजऱ्या मुलाला प्रश्न म्हणजे तोंडी परीक्षा. त्यापेक्षा स्वतःशीच पुटपुटावं, 'हा निळा इथे बसेना बुवा.' नजर ठोकळ्यावर, तिच्यावर नाही. कधीतरी एक छोटा हात निळा ठोकळा काढून हिरवा ठेवतो. तेव्हा टाळ्या वाजवू नयेत! पुढचा ठोकळा लावावा, बस्स.

मनोरा पडला की ती म्हणणार, 'परत.' मग पुन्हा परत. मोठ्यांना कंटाळा येतो, पण तीच गोष्ट निर्धोकपणे पुन्हा पुन्हा घडली की मेंदूचा सावधपणा ओसरतो. पुढे काय होणार हे ठाऊक असण्याचा आनंद 'भॉक'च्या खेळातही असतोच. मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात या खेळाचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना दिसलं की आधी नुसतं बघून हसणारं बाळ हळूहळू स्वतः लपायला लागतं. सूत्रं त्याच्या हाती जातात. ठोकळ्यांचंही तसंच आहे: मनोरा कधी पाडायचा हे नातीला ठरवू द्यावं.

पुढच्या भेटीत ती पुन्हा आईच्या मागे दडेल. आजोबांनी तोच डबा काढावा, त्याच जागी बसावं आणि निळा ठोकळा मुद्दाम चुकीच्या जागी ठेवावा.