विज्ञान दिन आणि उघड्या प्रयोगशाळा : पार्श्वभूमी

फेब्रुवारी संपता संपता पुण्यात विद्यापीठाच्या आवारातल्या संशोधन संस्थांत शाळांची रीघ लागते. तिकडे नारायणगावजवळ खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या अँटेनांच्या सावलीत आसपासच्या शाळा आपापले प्रयोग मांडतात. या प्रथेची सुरुवात १९८७ च्या पहिल्या राष्ट्रीय विज्ञान दिनापासून धरतात. पण सामान्य लोकांसमोर प्रयोग करून दाखवणं त्याहून बरंच जुनं. कोलकात्याच्या बऊबाजार स्ट्रीटवर १८७६ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेत सप्रयोग व्याख्यानं होत. सी. व्ही. रामन यांचा रामन परिणामही तिथलाच : पदार्थातून विखुरताना काही प्रकाशाचा रंग बदलतो, हा तो शोध.

खरा घोळ आहे तो तारखेचा. विज्ञान दिन २८ फेब्रुवारीला असतो, कारण २८ फेब्रुवारी १९२८ ला हा शोध 'लागला' असं पाठ्यपुस्तकं सांगतात. प्रत्यक्षात 'नेचर' या विज्ञान नियतकालिकाला धाडलेल्या पहिल्या पत्रावर १६ फेब्रुवारी ही तारीख आहे, म्हणजे विखुरलेल्या प्रकाशाचा रंग बदलतो हे तोवर दिसलेलं होतं. २८ ला वर्णपटदर्शकातून, म्हणजे प्रकाशातले रंग वेगळे करून दाखवणाऱ्या उपकरणातून पाहिल्यावर नवा प्रकाश मूळ प्रकाशापासून वेगळा, स्वतंत्र पट्टा म्हणून दिसला. सविस्तर व्याख्यान झालं १६ मार्चला, बंगळूरमध्ये. तेव्हा १९८६ मध्ये दिवस ठरवताना पर्याय नव्हते असं नाही. इतिहासाला २८ तारीख चालून जाते, शाळेच्या वेळापत्रकाला नाही. महाराष्ट्रात त्या सुमारास बारावीची बोर्डाची परीक्षा चालू असते आणि दहावीची एक तर सुरू झालेली असते, नाही तर तोंडावर आलेली असते. ज्या मुलांनी वर्षभर ऑप्टिक्स घोटलं, तीच त्या दिवशी येऊ शकत नाहीत. रामन यांचा जन्मदिवस ७ नोव्हेंबरचा, पण तो दिवाळीच्या सुट्टीच्या आसपास येतो, हेही खरं. बंगळूरची जुनी विज्ञान संस्था अलीकडे शनिवार पाहून ओपन डे, म्हणजे सगळ्यांना प्रयोगशाळा खुल्या असण्याचा दिवस, ठेवते, कधी फेब्रुवारीत तर कधी थेट मार्चात. हे शहाणपण इतरांना का सुचू नये?

प्रयोगाच्या सामानावरची 'हात लावू नये' ही पाटी उतरली ती मात्र सरकारी दिवसामुळे नव्हे. १९७२ मध्ये मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवणं सुरू झालं. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे बारीक तुकडे आणि काडेपेटीतल्या काड्या जोडून त्रिकोण-चौकोन करण्याची युक्ती तिथलीच. चौकोन दाबला की वाकतो, त्रिकोण वाकत नाही. पुलाच्या सांगाड्यात त्रिकोण का असतात, हे मग सांगावं लागत नाही. राज्य सरकारने २००२ मध्ये तो कार्यक्रम बंद केला. पुढच्याच वर्षी टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करण्याचं हे काम पुण्यात विद्यापीठाच्या आवारात आलं आणि आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत रुजलं.

विज्ञान दिनाच्या गर्दीत ही खेळणी टिकून आहेत त्याचं कारण साधं आहे. दुर्बिणीसमोर रांगेत उभं राहून मिनिटभर डोळा लावायला मिळतो, आणि महागड्या उपकरणाभोवती दोरी बांधलेली असते. या खेळण्यांचं तसं नाही : स्ट्रॉची पिपाणी मोडली तर दुसरी कापून देतात.