‘लाय’ की ‘ले’: गोंधळ होतो तो नेमका कुठे

‘आय ॲम लेइंग ऑन द बेड.’ चांगलं इंग्रजी येणाऱ्यांच्या तोंडूनही हे वाक्य निघून जातं, आणि ज्यांची मायबोलीच इंग्रजी आहे तेही असंच बोलतात. नियमाप्रमाणे तिथे ‘लाइंग’ हवं. ‘लाय’ म्हणजे आडवं होणं किंवा पडून असणं, आणि ‘ले’ म्हणजे एखादी वस्तू आडवी ठेवणं, अंथरणं, रचणं. पहिल्याला कर्म चालत नाही, दुसऱ्याला कर्म लागतंच.

हा फरक मराठी माणसाला परका वाटायचं कारण नाही. पडणे-पाडणे, मरणे-मारणे, टळणे-टाळणे, गळणे-गाळणे या जोड्या आठवा. आतला स्वर बदलला की आपोआप होणारी क्रिया कुणीतरी घडवून आणलेली क्रिया होते. इंग्रजीतल्या ‘लाय’ आणि ‘ले’चं नातं अगदी हेच आहे. जुन्या इंग्रजीत ही ‘लिजन’ आणि ‘लेजन’च्या जवळ जाणारी दोन क्रियापदं होती, आणि दुसरं पहिल्याचं प्रयोजक रूप होतं. ‘सिट’ आणि ‘सेट’, ‘राइझ’ आणि ‘रेझ’, ‘फॉल’ आणि झाड तोडून पाडणं या अर्थाचं ‘फेल’ याही त्याच घरातल्या जोड्या. तेव्हा ‘ले’ समोर आलं की मनात ‘पाडणे’चा साचा धरावा आणि लगेच विचारावं: काय? कशाला? उत्तर मिळालं तर ‘ले’ बरोबर.

मग एवढी सोपी जोडी इतकी का चुकते? चुकते ती भूतकाळामुळे. रूपं अशी चालतात:

आडवं होणं: लाय, भूतकाळ ले, ‘हॅव’नंतर लेन, चालू क्रियेसाठी लाइंग.
ठेवणं: ले, भूतकाळ लेड, ‘हॅव’नंतर लेड, चालू क्रियेसाठी लेइंग.

म्हणजे ‘लाय’चा भूतकाळ हुबेहूब ‘ले’च्या वर्तमानकाळासारखा दिसतो आणि ऐकूही तसाच येतो. ‘काल दुपारी मी तासभर आडवा झालो’ याचं इंग्रजी ‘येस्टरडे आय ले डाउन फॉर ॲन आवर’. कानाला हे अपुरं वाटतं, म्हणून माणूस ‘लेड डाउन’ लिहून टाकतो. त्यात भर पडते उच्चाराची. ‘लेड डाउन’ म्हणताना दोन ड एकमेकांत मिसळतात, त्यामुळे समोरचा ‘ले’ म्हणाला की ‘लेड’ हे ऐकून कळतच नाही. हे रूप कानाने शिकता येत नाही, ते पाठच करावं लागतं.

मराठीतून इंग्रजीत जाताना आणखी एक खड्डा आहे. ‘पुस्तक टेबलावर पडलंय’ हे वाक्य दिसायला पूर्ण काळाचं, पण सांगतं आत्ताची स्थिती. म्हणून तिथे ‘हॅज लेन’ नको, ‘इज लाइंग’ हवं. ‘ते तीन दिवसांपासून पडून आहे’ म्हणायचं असेल तर ‘हॅज बीन लाइंग’. ‘लेन’ हे रूप रोजच्या बोलण्यात फार क्वचित येतं. ते ओळखता आलं तरी पुरे.

‘ले’च्या जागी ‘पुट’ घालून बघा, अशी एक चाचणी शिकवतात. फरशी, विटा, केबल, गालिचा यांच्या बाबतीत ती ठीक चालते. अंड्यांपाशी मात्र अडते. कोंबडी अंडी ‘पुट’ करत नाही, तरीही क्रियापद ‘ले’च. ‘द हेन्स आर लेइंग वेल’ या वाक्यात तर अंडी हा शब्दही नसतो, ती गृहीत धरलेली असतात. म्हणून ‘काय?’ हा प्रश्नच जास्त भरवशाचा. दोष या एकाच शब्दावर तो वापरून बघा: दोष अमक्याकडे आहे, ‘द ब्लेम लाइज विथ हिम’. दोष अमक्यावर ठेवला, ‘दे लेड द ब्लेम ऑन हिम’. दुसऱ्या वाक्यात ‘काय ठेवलं?’ला उत्तर आहे, पहिल्यात तो प्रश्नच उभा राहत नाही. ‘वॉज लेड ऑफ’, म्हणजे कामावरून कमी केलं गेलं, हेही त्यामुळेच ‘ले’चं, अकर्मक ‘लाय’चा असा कर्मणी प्रयोग होत नाही.

खोटं बोलणं या अर्थाचा ‘लाय’ दिसायला तोच असला तरी त्याचं मूळ वेगळं आहे आणि तो सरळ चालतो: लाय, लाइड, लाइड, लाइंग. ‘लाइड’ हे रूप फक्त खोट्याचं. पलंगावर कुणी ‘लाइड’ करत नाही. इथे आपली चूक वेगळीच होते: ‘खोटं बोलतो’चं ‘स्पीक्स लाय’ करतात. इंग्रजीत खोटं सांगतात, ‘टेल अ लाय’. आणि ‘माझ्याशी खोटं बोलला’ म्हणजे ‘लाइड टू मी’. त्यातला ‘टू’ गाळता येत नाही.

जोडशब्दांतही मूळ क्रियापद तपासावं. मुळाशी असलेलं कारण ‘अंडरलाइंग’, कारण ते तळाशी पडून आहे; ‘अंडरलेइंग’ नव्हे. ‘लेयर’ आणि ‘लेआउट’ ‘ले’पासून आले. ‘लेमन’, म्हणजे सामान्य माणूस, मात्र या कुळातला नाही. त्यातला ‘ले’ ग्रीकमधून, लोक या अर्थाच्या शब्दापासून आलेला आहे.

‘ले’ हे ‘लाय’च्या अर्थी चौदाव्या शतकापासून वापरात आहे, त्यामुळे बोलताना कुणी तसं म्हटलं तर टोकण्यात अर्थ नाही. अर्ज, अहवाल, परीक्षा इथे मात्र ते खटकतं. शुद्धलेखन तपासनीसावर विसंबू नये: ‘लेड’मध्ये एल-ए-वाय-ई-डी लिहिलंत तर तो लाल रेघ मारेल, पण चुकीच्या जागी बसलेला एल-ए-आय-डी हा खराच शब्द असल्याने सुटून जाऊ शकतो. लिहून झालं की मजकुरात ‘लेड’ आणि ‘लेइंग’ शोधा, प्रत्येकाला ‘काय?’ विचारा, आणि उत्तर न देणारा ‘लेइंग’ ‘लाइंग’ करा, ‘लेड’ असेल तर ‘ले’, आणि तो ‘हॅव’नंतर आला असेल तर ‘लेन’.