कॅडिलॅक : कानशीशिवाय जुळलेली मोटार

ऑगस्ट १९०२. डेट्रॉइटमधली हेन्री फोर्ड कंपनी गुंडाळायचं गुंतवणूकदारांच्या मनात होतं. खुद्द फोर्ड मार्चमध्येच बाहेर पडले होते. यंत्रसामग्री विकून किती पैसे हाती येतील, हे पाहायला त्यांच्यातल्या विल्यम मर्फी आणि लेम्युएल बोवेन यांनी इंजिनं बनवणाऱ्या हेन्री लेलँड यांना बोलावलं. लेलँड यांनी किंमत तर काढलीच, वर कारखाना न मोडता मोटारी बनवा असं सुचवलं, आणि इंजिनही पुढे ठेवलं.

हे इंजिन एका सिलिंडरचं होतं. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५ इंच, स्ट्रोकही (पिस्टन सरकतो ते अंतर) ५ इंच, ताकद १० अश्वशक्तीच्या थोडी वर. मुळात ते ऑल्ड्स कंपनीसाठी सुधारलेलं. पण चालू उत्पादन थांबवून नवी हत्यारं बसवण्याचा खर्च नको म्हणून तिथे ते नाकारलं गेलं. डेट्रॉइट शहराच्या फ्रेंच संस्थापकाचं, कॅडिलॅकचं, नाव नव्या कंपनीला मिळालं. पहिली गाडी ऑक्टोबरमध्ये तयार झाली. दोन आसनी गाडीची किंमत होती ७५० डॉलर.

खरी गोष्ट मात्र इंजिनाची नाही, मापाची आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात लेलँड स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारात कामाला होते, नंतर प्रॉव्हिडन्समध्ये ब्राउन अँड शार्प या अचूक हत्यारं बनवणाऱ्या कंपनीत. एका बंदुकीचा भाग दुसरीत बसलाच पाहिजे, ही शिस्त तिथली. मोटारींच्या कारखान्यांत तेव्हा उलटं चाले. भाग साधारण मापाचा करायचा आणि जुळणीच्या वेळी फिटरनं कानस मारून बसवायचा. असा घासलेला भाग फक्त शेजारच्या भागाशीच जमतो. तो तुटला की गोदामातला नवा भाग एकतर अडकतो, नाहीतर सैल बसून खडखडतो, आणि पुन्हा कानस हाती घ्यावी लागते.

यावर उपाय होता मर्यादा-गेजचा, म्हणजे माप तपासायच्या दोन टोकांच्या साधनाचा. एक टोक भोकात गेलंच पाहिजे, दुसरं जाता कामा नये. दोन्हींपैकी एकातही नापास झालेला भाग जुळणीपर्यंत पोहोचतच नाही. गेजही वापरून झिजतं, म्हणून तेच आधी तपासावं लागतं. ही तपासणी चुकली तर चूक शेकडो भागांत उतरते.

१९०८च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्स ट्रॅकवर रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली याची परीक्षा झाली. कॅडिलॅकच्या ‘मॉडेल के’ प्रकारच्या तीन गाड्या लंडनच्या साठ्यातून निवडल्या आणि पूर्ण सुट्या केल्या. प्रत्येकीचे ७२१ भाग एकत्र मिसळले. त्यांतले ८९ भाग बाजूला काढून विक्रेत्याच्या साठ्यातले घातले. जुळणीला साधी हत्यारं, म्हणजे पाने आणि स्क्रूड्रायव्हर, कानशीला मनाई. उभ्या राहिलेल्या गाड्यांचे भाग रंगानेही एकमेकांशी जुळत नव्हते, पण तिन्ही सुरू झाल्या आणि प्रत्येकी ५०० मैल धावल्या. या कामगिरीसाठी क्लबची १९०८ सालची ड्युअर ट्रॉफी कॅडिलॅकला मिळाली; अमेरिकी मोटार कंपनीला ती पहिल्यांदाच मिळत होती.

जुलै १९०९ मध्ये जनरल मोटर्सनं कंपनी विकत घेतली, पण कारभार लेलँड पिता-पुत्रांकडेच राहू दिला.