टोनवाला प्री आणि फोनो प्री: आपल्याकडं दोन्हीला नुसतं 'प्रीअ‍ॅम्प'च म्हणतात

दिवाळीच्या आधी मामांचा फोन आला, "अरे माळ्यावरच्या सगळ्या रेकॉर्डी खाली काढल्या, नवीन टर्नटेबल पण घेतलं, पण आवाजच बरोबर येईना, एकदा येऊन बघ की." मामा राहायला सोलापूरच्या पूर्व भागात, खालच्या मजल्यावर शेजाऱ्यांचे यंत्रमाग आणि वर मामांचं घर. गेलो तर अभंगाची एलपी लावलेली, टाळ कानात टोचतायत आणि पखवाज गायबच. म्हणजे थाप कळत होती पण धुमारा नाही, पुठ्ठ्यावर बोट वाजवल्यासारखं. व्हॉल्यूम वाढवला की टाळच वाढायचे.

मागं बघितलं. टर्नटेबलची लीड एका छोट्या बोर्डात आणि तिथून अ‍ॅम्प्लिफायरच्या ऑक्सला, म्हणजे मोबाईल-सीडी जोडायच्या इनपुटला. मामा म्हणाले, "प्रीअ‍ॅम्प लागतो म्हणून तूच सांगितलेलास ना? दुकानात जाऊन प्रीअ‍ॅम्प मागितला, त्यांनी हा दिला." बोर्डावर तीन नॉब, बास, ट्रेबल, व्हॉल्यूम. दुकानदाराचं काही चुकलं नव्हतं. सोलापुरात काय आणि बाकी कुठं काय, जो माणूस घरी अ‍ॅम्प्लिफायर असेंबल करतो किंवा मंडळाचा सेट दुरुस्त करतो त्याच्यासाठी प्रीअ‍ॅम्प म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी लावायचा हाच बोर्ड. मामांना पाहिजे होता फोनो प्रीअ‍ॅम्प, म्हणजे खास रेकॉर्डीसाठीचा, आणि तो वेगळा प्राणी आहे. हा घोळ इतक्या जणांचा होतो की एकदा नीट लिहून टाकावं म्हटलं.

टोनवाला प्री काय करतो? मोबाईल, ब्लूटूथ, सीडी प्लेयर यांच्याकडून आवाज आधीच ठीकठाक ताकदीचा येतो, व्होल्टच्या तिसऱ्या हिश्शापासून पुढं समजा. टोन बोर्ड त्याला थोडं उचलतो आणि बास-ट्रेबल तुमच्या आवडीनं कमीजास्त करू देतो. बस. त्याला आत येणारा आवाज सरळ आहे असंच धरून बनवलेलं असतं.

रेकॉर्डवरचा आवाज सरळ नसतो, सगळी मेख इथं आहे. बास जसाच्या तसा खाचेत कोरला तर खाच डावीउजवीकडं इतकी हेलकावे खाईल की शेजारच्या खाचेत घुसेल, मग खाचा लांबलांब ठेवायला लागतील आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं गाणं बसणारच नाही. म्हणून कोरतानाच बास दाबून टाकतात. वरचे बारीक आवाज मात्र उलट वाढवून कोरतात, कारण प्लास्टिकची स्वतःची सरसर असते ती त्याच पट्ट्यात, वाजवताना वरचं सगळं खाली आणलं की ती सरसर पण सोबत खाली जाते. फार हुशारीचं काम आहे हे, आणि कुणी केलं असेल त्याला माझा मनापासून नमस्कार. आधी प्रत्येक कंपनीचं माप वेगळं असायचं, १९५४ च्या सुमाराला अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेनं, म्हणजे आरआयएएनं, एकच वळण ठरवलं आणि पुढं सगळ्या जगानं तेच धरलं. म्हणून त्याला आरआयएए कर्व्ह म्हणतात.

फोनो प्रीअ‍ॅम्पचं मुख्य काम हे वळण बरोब्बर उलटं करायचं. १००० हर्ट्झला मध्य धरला तर ५० हर्ट्झचा आवाज साधारण १७ डेसिबलनं वर न्यायचा, म्हणजे सातपट, आणि १०,००० हर्ट्झचा जवळजवळ १४ डेसिबलनं खाली, म्हणजे पाचव्या हिश्शावर. मामांच्या एलपीत पखवाज दाबलेला होता आणि टाळ वाढवलेले होते, आणि ते तसेच्या तसे बाहेर येत होते. बोर्ड बिघडलेला नव्हता, त्याला हे काम येतच नव्हतं.

आता लगेच कुणी म्हणेल की मग बास फुल्ल करा, ट्रेबल शून्यावर आणा, झालं की. मामांनी तेच केलेलं. थोडं सुधारतं पण जमत नाही. साध्या टोन कंट्रोलचा आवाका १०-१२ डेसिबलचा, आणि इथं २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंत दोन टोकांत ३९ डेसिबलचा फरक भरून काढायचा असतो. शिवाय वळणाचा आकार ठराविक आहे, ५०, ५०० आणि २१२२ हर्ट्झ अशा तीन ठिकाणी ते मोडतं, नॉब फिरवून तो आकार येणार कुठून. गायकाचा आवाज जिथं असतो तो मधला पट्टाच वाकडा राहतो, मग ओळखीचा गळा पण परका वाटायला लागतो.

गंमत म्हणजे दोन्ही बोर्ड उघडून ठेवले तर आयसी, म्हणजे आतली चिप, बऱ्याचदा एकच, ४५५८ नाहीतर ५५३२. फरक आयसीत नसतो, त्याच्या भोवतीच्या रेझिस्टर-कपॅसिटरच्या जाळ्यात असतो. त्यामुळं "आयसी तोच आहे, चालतंय की" असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. ओळखायची सोपी खूण सांगतो, फोनो प्रीअ‍ॅम्पवर सहसा बास-ट्रेबलचे नॉब नसतातच, आणि मागं आरसीए सॉकेटच्या शेजारी वायर कसायला एक छोटा स्क्रू असतो, ग्राउंडचा.

दुसरा फरक ताकदीचा. आजकालच्या टर्नटेबलला जे मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज (सुई बसवलेला छोटा भाग) येतं, ज्याला सगळे एमएम म्हणतात, ते देतं साधारण ३ ते ६ मिलिव्होल्ट. ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ई ४ मिलिव्होल्ट, ऑर्टोफोन २एम रेड साडेपाच. याला शंभरपट वाढवलं, म्हणजे ४० डेसिबल गेन दिला, तर ४०० मिलिव्होल्ट होतात आणि ऑक्सला ते बरोबर बसतं.

आमचं हे बोलणं चालू असताना खालचे अण्णा वर आले, तेलुगू घर पण मराठी आपल्यासारखंच, आणि त्यांनी फार चांगला प्रश्न विचारला. "आमच्या घरी जुना रेकॉर्ड प्लेयर होता की, पेटीवाला, त्याला कुठं असलं काय लागत होतं?" बरोबर आहे अण्णांचं. त्या पेटीवाल्या प्लेयरला बहुतेक करून सिरॅमिक किंवा क्रिस्टल कार्ट्रिज असायचं. ते शेकड्यानं मिलिव्होल्ट देतं, आणि महत्त्वाचं म्हणजे ते सुई किती सरकली त्याप्रमाणं व्होल्टेज देतं, मॅग्नेटवालं देतं सुई किती वेगानं हलली त्याप्रमाणं. या एका फरकामुळं सिरॅमिकमध्ये आरआयएएचं वळण बरंचसं आपोआप भरून निघतं. त्याला फोनो प्री लावला तर उलट आवाज फाटेल. त्याला पाहिजे असतो जास्त इम्पीडन्सचा, म्हणजे विजेला जास्त अडथळा करणारा, इनपुट, एक मेगओहमच्या आसपास, कमी इम्पीडन्सला जोडलं की बास जातो. म्हणजे घरात आजोबांचा पेटीवाला प्लेयर असेल तर टोनवाला प्री चालू शकतो, त्याचा इनपुट एवढ्या इम्पीडन्सचा असला तर, नवीन टर्नटेबल असेल तर फोनोच पाहिजे. आधी कार्ट्रिज कुठलं ते बघा, बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

फोनो प्रीच घ्यायचा हे ठरलं की आधी टर्नटेबलच्या मागं किंवा ताटाखाली फोनो/लाइन असा छोटा स्विच आहे का बघा. ऑडिओ-टेक्निकाच्या एलपी६०एक्ससारख्या टर्नटेबलमध्ये प्री आतच असतो, स्विच लाइनवर टाकला की वेगळं काही लागत नाही. आणि लाइनवर ठेवून पुन्हा फोनो सॉकेटला जोडलं तर दोनदा बास वाढतो आणि सगळं फाटतं, हे पण बघितलंय मी. जुना स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायर असेल तर त्याच्या मागं फोनो लिहिलेलं सॉकेट शोधा, सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या पुष्कळ सेटला ते असायचं, मग पैसे वाचले.

एमएम आणि एमसीचा स्विच असलेले प्री महाग असतात आणि लोक उगाच त्याच्या मागं लागतात. एमसी म्हणजे मूव्हिंग कॉइल, ते फारच कमी देतं, डेनॉन डीएल-१०३ घ्या, ०.३ मिलिव्होल्ट. त्याला हजारपट, ६० डेसिबल लागतात. तुमच्याकडं एमएम असेल आणि स्विच एमसीवर टाकला तर आवाज मोठा होईल पण तुटेल, "एमसी भारी असतं म्हणून तिकडं ठेवलंय" असं करू नका. माझं स्पष्ट मत, घरात एमसी नाही आणि पुढच्या दोन वर्षांत घ्यायचा विचार नाही तर साधा एमएमचा चांगला प्री घ्या आणि उरलेले पैसे सुईवर घाला. एमएमला इनपुट ४७ किलोओहमचा लागतो, तो बहुतेक सगळ्यांना असतोच. कपॅसिटन्स, म्हणजे इनपुट आणि केबलची विजेचा भार साठवायची क्षमता, मात्र कुणी बघत नाही. व्हीएम९५ईला एकूण १०० ते २०० पिकोफॅरड हवेत, आणि त्यात केबलचे पण धरायचे. प्रीमध्ये २०० आणि वर लांबलचक लीड असं झालं की 'स' आणि 'श' चिरके ऐकू येतात आणि माणूस रेकॉर्डला दोष देतो. लीड आखूड ठेवा, एवढ्यानंच पुष्कळ काम होतं.

आता घुंऽऽ आवाज. शंभरपट वाढवायचं म्हटल्यावर वाईट ते पण शंभरपटच वाढणार. टर्नटेबलमधून एक बारीक वायर निघते, टोकाला चिमट्यासारखी पट्टी असलेली, ती प्रीच्या ग्राउंड स्क्रूला कसायचीच. मामांनी ती टेपनं गुंडाळून ठेवलेली. आणि आपल्या जुन्या घरांत तीन पिनचं सॉकेट दिसतं पण आत अर्थिंगची वायरच नसते, इलेक्ट्रिशियनला बोलावून ते आधी तपासून घ्या, गाण्यासाठी नाही तर जिवासाठी. प्रीचा डबा अ‍ॅम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरपासून हात-दीड हात लांब ठेवा.

मामांच्या घरी अजून एक गोष्ट होती जी पुस्तकात सहसा सापडत नाही. खाली माग चालू झाले की फरशीतून येणारी धडधड सुईपर्यंत पोचायची, आणि फोनो प्री बास वाढवणारच, म्हणून वूफरचा कागद आवाज नसताना पण आतबाहेर हलायचा. म्हणून मी त्यांना रंबल फिल्टरचा स्विच असलेला प्री घ्यायला लावला, जो साधारण २० हर्ट्झच्या खालचं कापतो. वाकलेल्या रेकॉर्डीला पण त्याचा उपयोग होतो. पखवाजाला धक्का लागत नाही, तो त्याच्या बराच वर वाजतो. शिवाय टर्नटेबल लोखंडी रॅकवरून काढून भिंतीत ठोकलेल्या जाड लाकडी फळीवर ठेवलं, त्याचा फरक फिल्टरपेक्षा पण जास्त पडला असं मला वाटतं.

टोनवाला बोर्ड टाकून दिला नाही. फोनो प्री आधी, त्याच्यानंतर तो बोर्ड, मग अ‍ॅम्प्लिफायर, असं जोडलं, कारण मामांना संध्याकाळी हळू आवाजात ऐकताना थोडा बास जास्त लागतो. मंगळवारी परत गेलो तेव्हा तीच एलपी चालू होती, माग बंद होते, अण्णा पण येऊन बसलेले, आणि पखवाजाचा डावा हात खोलीत नीट ऐकू येत होता.