हात लावायच्या पृष्ठभागाचं सुरक्षित तापमान

ओव्हन, हीटर, रेडिएटर (गरम पाण्यावर खोली उबदार ठेवणारं भिंतीवरचं पॅनेल), कॉफी मशीन, टोस्टर असली गरम होणारी उपकरणं जिथे कोणीही येऊन वापरतं किंवा नुसतं शेजारून जातं, तिथे त्यांच्या बाहेरच्या भागाला हात लागला तरी भाजू नये यासाठी ठरवलेली तापमानाची मर्यादा. लोक साधारणपणे एकच आकडा मागतात, "किती डिग्रीपर्यंत चालेल?", पण असा एक आकडा नाहीच, कारण कातडी भाजणं हे तापमान, स्पर्शाचा वेळ आणि वस्तू कशाची बनलीये या तिन्हीवर ठरतं.

वेळेचा हिशोब मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या दोन अमेरिकी संशोधकांनी 1947 साली प्रयोगांतून मांडला. 44 डिग्री सेल्सियसला कातडीला इजा व्हायला साधारण 6 तास लागतात आणि 60 डिग्रीला जेमतेम 5 सेकंद. 44 ते 51 च्या पट्ट्यात तर दर एका डिग्रीला इजेचा वेग जवळजवळ दुप्पट होतो, म्हणजे इथे "दोन-चार डिग्रीनी काय होतंय" असं म्हणून अजिबात चालत नाही.

आता वस्तू. आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानक संघटना) चं 13732-1 हे 2006 चं मानक याच विषयावर आहे आणि त्यात एक सेकंदाच्या स्पर्शाला भाजण्याची मर्यादा उघड्या धातूसाठी सुमारे 65 ते 70 डिग्री धरलीये, काच-सिरॅमिकसाठी 80 च्या आसपास, प्लॅस्टिकला त्याहून थोडी वर आणि लाकडाला तर 100 च्याही पुढे. धातू आतली उष्णता झपाट्याने हाताला देत राहतो, लाकडाचा फक्त वरचा पातळ थर थंड होतो आणि मागून उष्णता लवकर येत नाही. धातूवर नुसता पातळ रंग मारला तर फारसा फरक पडत नाही. पण स्पर्श लांबत गेला की हा भेद कमी होत मिटतो : 1 मिनिटाला धातूसाठी 51 आणि बाकीच्यांसाठी थोडी वर, पण 10 मिनिटांना सगळ्यांसाठी 48, आणि 8 तास किंवा जास्त असेल तर 43 डिग्री. म्हणून धरून ठेवायचं हँडल आणि चुकून हात लागेल तो पत्रा यांना एकच मर्यादा लावणं चूक आहे.

सार्वजनिक जागेत खरा प्रश्न वेळेचा असतो. धडधाकट मोठा माणूस अर्ध्या-एक सेकंदात हात काढतो, पण नुकतं उभं राहायला शिकलेलं मूल ओव्हनच्या काचेच्या दारावर दोन्ही तळहात टेकून तोल सावरतं, चटका बसला तरी त्याला हात काढणं सुचत नाही, शिवाय त्याची कातडी पातळ. त्यामुळे अगदी लहान मुलांसाठी स्पर्शाचा वेळ 15 सेकंदांपर्यंत धरतात. म्हातारी माणसं, हातापायाची संवेदना कमी झालेले डायबेटिसचे पेशंट यांचंही तसंच. ब्रिटनमध्ये हॉस्पिटल आणि वृद्धाश्रमांत रेडिएटरचा पृष्ठभाग 43 डिग्रीच्या वर जाऊ नये असं सांगतात ते याचसाठी, कारण पडलेल्या माणसाला स्वतःहून बाजूला होता येत नाही. माझ्या मते कोणीही येऊ शकेल अशा जागी हिशोब कायम सगळ्यात नाजूक माणसाचाच धरावा.

हॉटप्लेट किंवा ग्रिल तापणारच, तिथे मर्यादा लावून उपयोग नाही. मग जाळी, आडोसा, उंचीवर बसवणं, आत इन्सुलेशन, दाराला दुहेरी काच असे उपाय करतात. पिवळ्या त्रिकोणात तीन नागमोडी रेषांची खूण लावतात, पण ती शेवटचा उपाय, दोन वर्षांचं मूल खुणा वाचत नाही. आणि हे आकडे भाजण्याचे आहेत, दुखण्याचे नाहीत. त्याच्या खालीही हात दचकून मागे येतो आणि हातातला गरम कप सांडतो.

मोजताना उपकरण पूर्ण तापून तापमान स्थिर झाल्यावरच मोजायचं. चकचकीत स्टीलवर इन्फ्रारेड गन (न टेकवता लांबून तापमान मोजणारं यंत्र) बऱ्याचदा खरं तापमान दाखवत नाही, कमी दाखवते, म्हणून तिथे टेकवून मोजणारा थर्मोकपल (तारेचा तापमान-सेन्सर) वापरावा नाहीतर मॅट काळी टेप चिकटवून तिच्यावर गन धरावी.