गेम सर्व्हर लॅग होतोय? कर्नल ट्युनिंगमध्ये आम्ही काय करतो ते वाचा

आमच्याकडून सर्व्हर घेतल्यावर बऱ्याच जणांचा मेसेज येतो की कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) ट्युन करून द्या म्हणजे पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ) कमी होईल, तर आधीच सांगतो, त्यानं पिंग कमी होत नाही. पिंग ठरतो अंतरावर आणि तुमच्या नेटच्या रूटवर, सर्व्हर मुंबईत आणि पोरगा जर्मनीतून खेळतोय तर 100 मिलिसेकंदांच्या वर जाणारच. कर्नलमुळे सुधारतो तो टिकचा, म्हणजे सर्व्हर ठराविक वेळानं खेळाची स्थिती मोजतो त्या ठोक्याचा, नियमितपणा.

काउंटर-स्ट्राइक 2 चा सर्व्हर सेकंदाला 64 टिक चालवतो म्हणजे एका टिकला जेमतेम 15.6 मिलिसेकंद, तेवढ्यात सगळ्यांच्या हालचाली आणि गोळ्या हिशोबात धरून उत्तर पाठवायचं असतं. त्यात सीपीयू वीज वाचवायला स्पीड उतरवून बसला किंवा दुसरंच काम मध्ये घुसलं की टिक उशिरा पडतो, आणि तुम्ही नेम धरून मारलेली गोळी लागत नाही. म्हणून आम्ही सीपीयूचा स्पीड ठरवणारा गव्हर्नर परफॉर्मन्सवर ठेवतो, सीपीयूला गाढ झोपेच्या स्टेटमध्ये जाऊ देत नाही, गेमला स्वतःचा कोअर देतो आणि नेटवर्क कार्डाचे इंटरप्ट (पॅकेट आल्याचे इशारे) दुसऱ्या कोअरवर हलवतो. निम्म्याहून जास्त फरक इथंच पडतो असा आमचा अनुभव आहे.

मग यूडीपीचा (पोच न घेता डेटा पाठवायची पद्धत) रिसीव्ह बफर, म्हणजे आलेली पॅकेट गेम वाचेपर्यंत थांबतात ती जागा. लिनक्समध्ये तो सहसा 208 केबी असतो, गेमनं वेळेत वाचलं नाही की भरतो आणि पुढची पॅकेट सरळ फेकली जातात, नेटस्टॅट कमांडमध्ये यूडीपीचे रिसीव्ह बफर एरर वाढताना दिसले तर समजायचं हेच होतंय. नुसती कमाल मर्यादा वाढवून भागत नाही बरं का, गेमनं स्वतःहून जास्त मागितलं नाही तर त्याला डिफॉल्टच मिळतो, म्हणून दोन्ही आकडे वाढवावे लागतात. स्वॅपीनेस (मेमरीतला डेटा डिस्कवर हलवायची घाई) 60 वरून 10 वर आणतो, ते किरकोळ.

यूट्यूबवरच्या लांबलचक सेटिंग कृपया जशाच्या तशा पेस्ट करू नका, त्यातल्या बऱ्याचशा टीसीपीच्या (पोच घेऊन डेटा पाठवायची पद्धत) असतात आणि काउंटर-स्ट्राइकचा खेळ चालतो यूडीपीवर. रिअल-टाइम कर्नलही (तातडीचं काम ठरल्या वेळेत सुरू करणारा) बरेच जण मागतात, तो 6.12 आवृत्तीपासून मूळ लिनक्समध्येच आलाय, पण त्यानं एकूण कामाचा वेग थोडा पडतो आणि गेमला चुकीची प्रायॉरिटी दिली तर अख्खी मशीन अडकू शकते, म्हणून आम्ही तो देत नाही.

माइनक्राफ्टवाल्यांनी आधी स्पार्क (वेळ कुठं जातो ते दाखवणारं टूल) लावून बघा, तिथं सगळं जग जवळपास एकाच थ्रेडवर चालतं त्यामुळे एखादा प्लगइन किंवा हॉपरची (वस्तू पुढे सरकवणारा ब्लॉक) रांगच बहुतेकदा दोषी निघते, कर्नलचा काही संबंध नसतो. आणि कंटेनरवाला स्वस्त प्लॅन असेल तर कर्नल होस्टचाच असतो, तुम्हाला तो बदलता येत नाही, ट्युनिंग हवं असेल तर केव्हीएम (स्वतःचा कर्नल असलेली व्हर्च्युअल मशीन) किंवा डेडिकेटेड (अख्खी मशीन तुमचीच) घ्या.

तक्रार टाकताना लॅग किती वाजता आला आणि सगळ्यांना आला की एकालाच, एवढं नक्की लिहा, एकालाच येत असेल तर आधी त्याच्या घरचं वायफाय काढून केबल लावून बघायला सांगा.